एकेचाळीस गायी आणि एक फाटक

जयनगर, फोर्थ ब्लॉक, बंगळूर
२१ सप्टेंबर

प्रिय आसावरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईने काठी कधीच टाकली. पूर्वी ती बसल्या जागेवरून मला ओरडायची, आता स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत चालत येऊन ओरडते. फोन असताना बाबांनी कागद का काढला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतेस, हे एक कारण. दुसरं म्हणजे काही गोष्टींखाली सही लागते. एकतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला सहीशिवाय केलेलं विधान खरंच वाटत नाही. तेव्हा चहा करून घे आणि सावकाश वाच. पत्र लांबणार आहे, कारण मुद्द्यावर यायला माझाच पाय उचलत नाहीये.

आधी बातम्या. तुझ्या दयानंदकाकांचा आठवड्यातून दोनदा फोन येतो. होसकोट्याच्या त्याच्या कारखान्यात तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे, तीही खिडकीजवळची. त्या खिडकीतून एक निलगिरीचं झाड दिसतं, हे त्याने मला तीनदा सांगितलं. डोंगर सोडून येणाऱ्या मुलीची तेवढ्याने सोय होईल असं त्याला मनापासून वाटतं. ‘हुडुगी यावाग बर्ताळे?’ मुलगी कधी येते, एवढंच विचारतो. मी सांगतो, पंधरा ऑक्टोबरला तिच्या संस्थेची बैठक आहे, तिला वाटाडी म्हणून कायम करायचं की पहिल्याच मोसमानंतर नारळ द्यायचा ते तेव्हा ठरेल, आणि त्या गायींच्या प्रकरणानंतर बहुतेक नारळच. ‘सरी, सरी,’ बरं बरं, म्हणतो आणि खूश होतो. मीही खूश होत होतो. तुझी खोली रंगवून घेतली. डब्यावर पिस्ता लिहिलं होतं, भिंतीवर तो सरकारी दवाखान्याचा हिरवा निघाला. खालच्या धनलक्ष्मी अक्का मुद्दाम वर येऊन पाहून गेल्या. ‘स्वल्प डार्क आयतु,’ जरा गडद झाला, एवढंच म्हणाल्या, पण जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

परत येऊन पाच आठवडे झाले, तरी मी अजून त्या कांतालच्या डोंगरांतच हिंडतोय. खरं सांगतो, मी तिकडे सहलीला आलोच नव्हतो, तपासणीला आलो होतो. इंदिरानगरची काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून पोरगी फ्रान्सच्या आडगावात लोकांना डोंगर दाखवत फिरते, याला मी दोन वर्षं ‘मेंढरं हाकणं’ म्हणत आलो. आमच्याकडे नापास मालाला लाल चिठ्ठी लावायचे आणि तो कोपऱ्यात ठेवायचे. तुझ्या त्या धंद्याला लाल चिठ्ठी लावायची आणि तुला परत आणायचं, असा माझा सरळ हिशोब होता. ऐन मोसमात तुला रजा मिळेना, म्हणून तू मला सात दिवसांच्या चालण्याच्या सहलीत गिऱ्हाईक म्हणून घुसवलंस आणि पहिल्याच संध्याकाळी बजावलंस, “बाबा, सात दिवस मी तुमची मुलगी नाही. मी सांगेन तसं चालायचं.” मी म्हटलं, बघू.

मग तू माझी पिशवी उघडलीस. अगं, उभ्या जन्मात माझ्या वस्तूंची तपासणी कुणी केली नव्हती! बाकीची सात माणसं आपापले मोजे घडी करत तिरक्या नजरेने बघत होती आणि तू एकेक वस्तू बाहेर काढून बाकावर मांडत होतीस. छत्री, दोन विजेऱ्या, दोन लिटरचा प्रेशर कुकर, तांदूळ, मेतकूट, मापपट्टी, पावकिलोचा हातोडा. हातोडा कशाला, असं तू विचारलंस, आणि मला खरंच आठवेना. साडेअकरा किलोंची पिशवी तू पाच किलोंवर आणलीस, आणि बाकीचं सामान मुक्कामाच्या घराच्या मालकिणीकडे ठेवलंस. ती बाई कुकरची शिट्टी उडवून उडवून बघत होती. तेवढ्यात आईने दिलेल्या गूळपोळ्या मी सदऱ्याच्या आत सरकवल्या. तुझ्या नजरेतून तेवढीच एक गोष्ट सुटली, असं मी आजवर समजत होतो.

त्या पोळ्या आईने तिच्या जुन्या मोरपंखी लुगड्याच्या फडक्यात बांधल्या होत्या, आणि सोबत हुकूम होता. ‘श्रावण आहे, सोमवार येईल. आधी गायीला घास, मग तुम्ही जेवायचं. तिकडे गायी आहेत असं आसूच म्हणाली.’ मी काही देवभोळा नाही, पण तुझ्या आईची तपासणी माझ्याहून कडक असते, हे तुला ठाऊक आहे.

माझं चालणं तू कसं सहन केलंस कोण जाणे. त्या मादाम सोलान्झ, वय वर्षं चौऱ्याहत्तर, दोन काठ्या टेकत माझ्या पुढून अशा निघून जायच्या की जणू मी बसस्टॉप आहे. वर चढावर उभ्या राहून इंग्रजीत विचारायच्या, “यू आर अॅडमायरिंग द व्ह्यू?” हो, म्हणायचो मी. दम लागलेल्या माणसाला निसर्ग फार आवडतो. आणि ते तुमचे रस्त्याचे खुणेचे पट्टे! झाडावर, दगडावर, खांबावर, वर पांढरा आणि खाली तांबडा. आपल्याकडे देवळाच्या आवाराच्या भिंतीला असेच पांढरे-तांबडे पट्टे ओढतात, आणि बेचाळीस वर्षं या गावात राहिल्याने ते दिसले की माझा हात आपोआप छातीशी जातो. रोज सकाळी फिरताना चार देवळं लागतात, चार वेळा जातो. तिकडे दर दोनशे पावलांवर देऊळ! तू सांगितलंस की बाबा, ही नुसती वाट बरोबर असल्याची खूण आहे. मेंदूला कळलं, हाताला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर सोलान्झबाई पट्टा दिसला की छातीला हात लावतायत, आणि बेल्जियमचं ते लांबुडकं जोडपंही. तू पुढे चालत होतीस, तुझे खांदे हलत होते. हसत होतीस ना?

तारेच्या कुंपणाची गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. तू स्पष्ट म्हणालीस की तारेत वीज असते, हात लावू नका. आता एखादी बाई नुसतं सांगते आणि आपण मान डोलावतो, याला काय तपासणी म्हणायची? सगळे पुढे गेल्यावर मी बोटाची पाठ हळूच टेकवली. पुढचं तुला माहीतच आहे. माझ्या तोंडून जे निघालं ते शुद्ध सातारी होतं आणि सुदैवाने त्या अख्ख्या दरीत ते फक्त तुलाच कळलं. तू मागे वळून न पाहता म्हणालीस, “वीज आहे ना, बाबा?” आहे, म्हटलं. चालू आहे व्यवस्थित.

पण पुई मारीच्या माथ्यावर मी थोडा हरलो. वर जायला चक्क पायऱ्या, आपल्या शिवगंगेच्या डोंगरासारख्या, त्यामुळे आधी मी खूश होतो आणि पायऱ्यांची उंची एकसारखी नाही असा शेराही मारून झाला होता. वर पोचलो. चहूकडे सपाट माथ्याचे, कडे तुटलेले डोंगर, मधून दऱ्या चिरत गेलेल्या, आणि पायाखाली काळा दगड. माझं बालपण या दगडात गेलं आणि नोकरी बंगळूरच्या तांबूस ग्रॅनाइटवर, त्यामुळे तो काळा कातळ दिसला की मला अजून घर दिसतं. तू लोकांना हाताने दाखवत होतीस की हा सगळा एकच ज्वालामुखी होता, हे त्याचे उरलेले काठ, त्या दरीतून बर्फाने वाट काढली. मध्येच काहीतरी बोललीस आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. मी सोलान्झबाईंना विचारलं, काय म्हणाली? त्या म्हणाल्या, ती सांगतेय की तिच्या वडिलांचं गाव अशाच काळ्या दगडावर आहे, आणि दगड हातात धरून तो कसा झाला असेल ते सांगायला तिला वडिलांनीच शिकवलं. मी चष्मा पुसत बसलो. चष्मा स्वच्छ होता. लाल चिठ्ठी त्याच वेळी फाडायला हवी होती. पण माणूस हट्टी असला की त्याला डोळे भरून येण्याचाही राग येतो, आणि मी खाली उतरताना तुला पहिल्यांदा होसकोट्याच्या खुर्चीबद्दल सांगितलं.

आता सोमवार. त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. तू सगळ्यांना उभं करून फाटकांचा नियम पुन्हा सांगितलास, आणि माझ्यासाठी मराठीत वेगळा सांगितलास. वाट मोस्य, म्हणजे श्रीयुत, रुजेर या गायीवाल्यांच्या कुरणातून जाते. वाट सरकारी नाही, त्यांच्या मर्जीवर चालू आहे. जो सगळ्यात मागे असेल त्याने फाटक लावायचं, कडी खाचेत बसली की ओढून पाहायची, आणि मग ओरडायचं, ‘फेर्मे!’ म्हणजे बंद. तो शब्द ऐकल्याशिवाय तू पुढे पाऊल टाकायची नाहीस. मला फार आवडली पद्धत. आमच्या कारखान्यात हेच होतं, जो तपासेल तो सही करेल, आणि सही झाली की पुढचा माणूस डोळे मिटून विश्वास ठेवेल. त्या विश्वासावर विमानं उडतात.

शेवटचा माणूस नेहमी मीच असायचो, हे वेगळं सांगायला नको. धुक्यातून गायी दिसल्या. कसल्या गायी त्या, विटकरी रंगाच्या, कुरळ्या केसांच्या, हातभर शिंगांच्या! आपल्या गल्लीतली गाय सोमवारी पोळी घेते आणि निघून जाते, कारण तिला अजून अकरा घरं करायची असतात. गायी अशाच असतात अशी माझी समजूत. तुम्ही सगळे फाटकातून पार झालात. मी फडकं सोडलं, आणि फाटकातच उभा राहून अर्धी गूळपोळी पहिलीच्या तोंडाशी धरली. आईला सांगता येईल, झालं काम. पण तिने पोळी खाल्ली आणि मला हुंगायला लागली. मग दुसरी आली. मग धुक्यातून नुसत्या घंटा येऊ लागल्या. एका हातात फाटक, दुसऱ्या हातात पोळ्या, मध्ये गायीचं डोकं. पुढून तुझा आवाज, “बाबा?” मी पोळ्या टाकल्या, फाटक ढकललं आणि पळालो. वीस पावलांवर जाऊन, मागे न बघता, छाती भरून ओरडलो, “फेर्मे!”

कडी मी पाहिलीच नव्हती.

पुढची गंमत आता गावभर झाली असेल. खिंडीतल्या त्या कॅफेपाशी आपण पोचलो, तू मुंडकी मोजलीस, आठ भरली, आणि मागून घंटा वाजल्या. एकेचाळीस गायी, एका रांगेत, तुझ्या गिऱ्हाइकांहून जास्त शिस्तीत. आल्या त्या थेट माझ्याकडे! मी सोलान्झबाईंच्या मागे लपलो, हे मला कबूल आहे. एकीने टेबलावरचा केक उचलला, एक गाडीच्या काचेत स्वतःला बघत बसली, एका जपानी कुटुंबाने प्रत्येकीचा फोटो काढला. मोस्य रुजेर चारचाकी मोटरसायकलवर आले तेव्हा त्यांचा चेहरा त्यांच्या गायींहून लाल होता. दोन कुत्रे आणि तू, तीन तास पळत होतात. शेवटच्या दोघी दुसऱ्या दिवशी खालच्या गावात धुण्याच्या हौदात पाणी पिताना सापडल्या. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण, सोलान्झबाईंनी इंग्रजीत करून सांगितलं, रुजेर म्हणाले की तुमच्या संस्थेची माणसं पुन्हा माझ्या कुरणात नकोत, आणि विचारलं, फाटक कुणी लावलं? तू म्हणालीस, मी वाटाडी आहे, मी पाहायला हवं होतं, चूक माझी. तेच संस्थेला लिहून दिलंस. तेव्हा मी बाजूला उभा राहून सोलान्झबाईंना उद्याच्या हवामानाबद्दल विचारत होतो. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मला फ्रेंच येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तुला मराठी येतं की.

आता ज्यासाठी कागद काढला ते. त्या वेळी गप्प बसलो ते नुसतं घाबरून नाही. रुजेर ओरडत होते आणि माझ्या मनात आलं, बरं झालं. आता पोरगी घरी येईल. असं आलं, आसू. तुझी मान खाली गेलेली दिसत होती आणि मी मनात होसकोट्याची बस पकडत होतो. स्टेशनवर तू म्हणालीस की दयानंदकाकांना सांगा खुर्ची ठेवायला, तेव्हा मी तुझ्या पाठीवर हात फिरवला आणि विमानात दोन वेळा जेवलो. आईला सांगितलं की फडकं पॅरिसच्या गाडीत विसरलं. मागच्या रविवारी तिने माझी पिशवी धुवायला काढली आणि बाजूच्या कप्प्यातून ते मोरपंखी फडकं निघालं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी घडी. ते माझ्या हातून फाटकापाशी पडलं होतं, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे तू गायी हाकत परत गेलीस तेव्हा तुला ते तिथे सापडलं, गुळाने माखलेलं. संस्थेला लिहून देण्याआधीच तुला सगळं माहीत होतं. एक शब्द न बोलता धुऊन, वाळवून माझ्या पिशवीत ठेवलंस. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लेकीच्या सहीवर सुटून आलात होय?” आणि दोन दिवस मला पोळी मिळाली नाही, नुसता भात.

सोबत दुसरा कागद आहे, तो तुझ्यासाठी नाही. कारखान्यात चूक झाली की जो अहवाल भरायचो, तोच आहे. काय घडलं, कधी, कशामुळे, जबाबदार कोण. जबाबदार या रकान्यात माझं नाव आहे, आणि कडी न पाहता ‘फेर्मे’ ओरडलो हेही लिहिलं आहे. इंदिरानगरमध्ये फ्रेंच शिकवणाऱ्या शलाका नावाच्या मुलीने त्याचं भाषांतर करून दिलं. ती मध्येमध्ये तोंडावर हात धरून हसत होती, पण काम चोख आहे. एक प्रत संस्थेला, एक मोस्य रुजेर यांना, त्यांच्या प्रतीत माफी मराठीत माझ्या हाताने. सोलान्झबाईंनाही एक पाठवलीय, साक्षीदार म्हणून. त्या सगळं समजून होत्या. बैठकीआधी तू हे द्यायचंस. देणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मूळ प्रत मी कालच परस्पर पाठवून दिली. दयानंदलाही खुर्ची दुसऱ्या कुणाला दे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “सरी बिडी.” बरं, राहू दे. बैठकीत काय ठरेल ते माझ्या हातात नाही. पण तुझ्या कामाची तपासणी मी सात दिवस केली आहे, आणि एकतीस वर्षांत इतकं चोख काम थोड्यांचंच पाहिलं. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. खोली हिरवीच राहू दे, सुट्टीला येशील तेव्हा आपण दोघं मिळून तिला शिव्या देऊ, पण येताना परतीचं तिकीट काढून ये. सकाळी फिरताना देवळाची पांढरी-तांबडी भिंत लागते, हात अजून छातीशी जातो, आणि आता तिथे तूच पुढे चालताना दिसतेस. आता पाकीट चिकटवतो. कड ओढून पाहीन, दोनदा.

फेर्मे.

तुझाच,
बाबा